मोटरहोमने फिरताय? मग दिवसाला किती किलोमीटर चालवायचं ते आधी ठरवा

घरच सोबत घेऊन फिरायला मिळालं तर कोणाला आवडणार नाही? सकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी करून चहा उकळायचा, दुपारी तळ्याकाठी मुगाची खिचडी टाकायची, रात्री मुलांना अंथरुणातूनच चांदणं दाखवायचं. रोज बॅगा भरायला नकोत, हॉटेल शोधायला नको. आजी-आजोबांना वाटेल तेव्हा आडवं होता येतं आणि लहान मुलांच्या दुधाची, शूची चिंता राहत नाही. म्हणूनच परदेशी सहलीची आखणी करताना हल्ली अनेक कुटुंबं मोटरहोमची चौकशी करतात. त्यातही न्यूझीलंडचं दक्षिण बेट अनेकांच्या यादीत वर असतं. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, स्टिअरिंग उजव्या बाजूला असतं आणि इंग्रजीत असलेला वैध भारतीय परवाना पर्यटकांना चालतो.

पण गाडीचं बुकिंग झालं की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. जेवणाच्या टेबलावर मोबाइलमधला नकाशा उघडला जातो. कोणाला हिमनदी बघायची असते, कोणाला व्हेल मासे, कोणाला बंजी जंपिंग. ‘एवढ्या लांब जातोय, एवढे पैसे खर्च करतोय, मग हेही बघूनच घेऊ’ असं म्हणत यादी वाढत जाते. एका दिवसाच्या खात्यावर ३०० ते ४०० किलोमीटर कधी जमा झाले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग एका दिवसात किती चालवावं? सरळ उत्तर हवं असेल तर हे घ्या. मोटरहोमने दिवसाला साधारण १५० ते २०० किलोमीटर, म्हणजे स्टिअरिंगवर ३ ते ४ तास. दुपारी ४ पर्यंत मुक्कामाला पोहोचायचं. आणि दर दोन-तीन दिवसांतून एक दिवस गाडी जागची हलवायचीच नाही.

हे वाचून कदाचित तुम्हाला हसू येईल. बडोद्याहून मुंबईचे ४०० किलोमीटर आपण एका दमात कापतो, मग सुट्टीत २०० म्हणजे काय! पण ती घाई कुठेतरी पोहोचण्यासाठी असते. पुढे लग्न असतं, सणाला घर असतं, आणि तिथे पोहोचल्यावर जेवण तयार असतं. मोटरहोममध्ये तसं नसतं. तिथे पोहोचल्यावर जेवण तुम्हालाच करायचं असतं, अंथरुणं तुम्हालाच घालायची असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्हालाच निघायचं असतं.

कारचा हिशोब इथे चालत नाही

आधी गाडीकडे बघा. ६ जणांसाठीचं मोटरहोम साधारण ७ मीटर लांब आणि ३ मीटरहून जास्त उंच असतं. एवढं मोठं धूड चढावर हळू चढतं, उतारावर जपून उतरवावं लागतं आणि आडवा वारा सुटला की डोलतं. न्यूझीलंडमध्ये गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. पण ३,५०० किलोपेक्षा जास्त वजनाच्या गाडीला ती ९० आहे आणि मोठी मोटरहोम्स या गटात येतात.

रस्तेही वेगळे आहेत. दक्षिण बेटावरचे बहुतेक महामार्ग म्हणजे जायला एक लेन आणि यायला एक लेन. डोंगराळ भागात वळणामागून वळण येतं. मध्येच एकेरी पूल लागतात. त्यांच्या आधी एक पाटी असते. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. मागे चार गाड्या जमल्या असतील तर सुरक्षित जागा बघून डावीकडे घ्यायचं आणि त्यांना पुढे सोडायचं, ही तिथली रीत आहे. या सगळ्यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

शिवाय आपण घर हलवतोय. सकाळी निघण्यापूर्वी विजेची केबल काढायची, गॅस बंद करायचा, छतावरची खिडकी लावायची, कपाटांच्या आणि खणांच्या कड्या तपासायच्या. एक कडी राहिली तर पहिल्याच वळणावर डाळ-तांदळाचे डबे खाली येतात. सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, पिण्याचं पाणी भरायचं, टॉयलेटची कॅसेट नेमून दिलेल्या जागीच ओतून धुवायची. सरावाने हे काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. पहिल्या दोन दिवसांत तास सहज जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना नीट सांगायला हवी. मोटरहोम चालू असताना मागे चहा करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, पत्ते खेळत फिरता येत नाही. सगळ्यांनी सीटवर पट्टा लावून बसायचं आणि ७ वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या वयाला योग्य अशी मान्यताप्राप्त सुरक्षा-सीट हवी, असा कायदा आहे. म्हणजे ६ तासांचा प्रवास असेल तर मुलांना ६ तास बांधल्यासारखं बसावं लागतं. सोबत घर असूनही ते वापरता येत नाही.

नकाशावर जवळ, रस्त्याने लांब

जास्त अंतर पदरात कसं पडतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड. समुद्रातून सरळ वर उठलेले कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे बघायला जगभरातून लोक मिलफर्डला येतात. नकाशावर क्वीन्सटाउनपासून ते सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आसपास दिसतं. पण मध्ये पर्वतरांगा आहेत आणि त्या ओलांडून जाणारा थेट रस्ता नाही. दक्षिणेला वळसा घालून, ते आनाऊ या गावावरून जावं लागतं. हे अंतर एका बाजूने २९० किलोमीटरच्या आसपास भरतं. कारने न थांबता गेलात तरी ४ तास लागतात.

आता जाऊन-येऊन हिशोब करा. कारचे ८ तास मोटरहोमला साडेनऊ-दहा होतात. बोटीची फेरी जवळपास २ तासांची. जेवण, शू, फोटो धरून दिवस १४ तासांवर जातो. त्यातच ते आनाऊच्या पुढे सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा होमर बोगदा लागतो. १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा बोगदा अरुंद आणि उताराचा आहे. गर्दीच्या दिवसांत तिथे सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, त्यामुळे थांबावं लागतं. मिलफर्डला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे रस्ता ओला असण्याचीच शक्यता जास्त. हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंदही ठेवतात.

हे सगळं एका दिवसात बसवलं तर बोटीवर बाबा डुलक्या घेतात, मुलं चिडलेली असतात आणि परतीचा घाट अंधारात येतो. तेच जर आदल्या रात्री ते आनाऊला मुक्काम केलात तर मिलफर्ड फक्त १२० किलोमीटरवर राहतं. त्याहून सोपं म्हणजे मोटरहोम ते आनाऊच्या कॅम्पमध्येच उभी ठेवा आणि बसने जा. कडे बघायला सगळ्यांचेच डोळे मोकळे राहतील.

डोळा लागतो तेव्हा काय होतं

दिवसाचं अंतर ठरवणं हा आरामाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो जिवाचा प्रश्न आहे. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची सावधपणाची पातळी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते, असं संशोधनात दिसून आलं आहे. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून प्रौढ चालकांसाठी अल्कोहोलची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. आपल्याकडे ती ०.०३ टक्के, म्हणजे आणखी कडक आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी आपण मुलांना बसवणार नाही. मग पहाटे ५ ला उठून रात्री १० पर्यंत स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या शेजारी का बसवायचं?

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ४ सेकंद डोळा लागला तर जवळपास ९० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून जास्त अंतर, गाडी कोणीही न चालवता जाते. वळणाच्या रस्त्यावर तेवढं पुरेसं असतं. ही डुलकी पहाटे आणि दुपारी २ ते ४ च्या दरम्यान जास्त येते. दुपारचं पोटभर जेवण झालेलं असलं तर विचारूच नका.

जोरात गाणी लावून, काच खाली करून किंवा तोंडावर पाणी मारून ही झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. तिच्यावर खरा उपाय म्हणजे झोप. मोटरहोममध्ये तर पलंग मागेच असतो! सुरक्षित जागी गाडी थांबवा, १५ ते २० मिनिटं झोपा, उठून थोडं चाला आणि मगच निघा. झोप आली नसली तरी दर दोन तासांनी थांबायचंच.

तिथल्या ट्रक आणि बसच्या चालकांना साडेपाच तास काम केल्यावर किमान अर्धा तास विश्रांती घ्यावीच लागते आणि २४ तासांत १३ तासांहून जास्त काम करता येत नाही. ही मर्यादा रोज गाडी चालवणाऱ्या, रस्ता पाठ असलेल्या लोकांसाठी आहे. आपण तर परक्या देशात, परक्या गाडीत, पहिल्यांदाच बसलेलो असतो. आपली मर्यादा त्याच्या निम्म्याहूनही कमीच असायला हवी.

दिवसाचा हिशोब असा मांडा

किलोमीटर बाजूला ठेवा आणि तास मोजा. मोबाइलच्या नकाशात दिसणारी वेळ कारची असते. तिच्यात एक चतुर्थांश वेळ मिळवा. दर दोन तासांना १५ मिनिटं धरा. जेवणाचा पाऊण तास वेगळा धरा. एखाद्या वळणावर ‘थांबा, थांबा, फोटो!’ असं कोणीतरी ओरडणारच, त्याचा अर्धा तास द्या. आणि शेवटी मुक्कामावर गाडी लावणं, केबल जोडणं यासाठी अर्धा तास.

आता हे एका खऱ्या दिवसाला लावून बघू. आओराकी माउंट कुक या गावाहून वानाका सुमारे २१० किलोमीटर आहे. कारने साधारण अडीच तासांहून थोडं जास्त. मोटरहोमला सव्वातीन तास धरा. बहुतेक कॅम्पमध्ये सकाळी १० च्या सुमाराला जागा सोडावी लागते, म्हणून १० ला निघालात असं समजू. पुकाकी तलावाच्या कडेने गाडी जाते. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या बारीक भुकटीमुळे त्याचं पाणी दुधी निळं दिसतं, तिथे थांबाल. पुढे ओमारामा गावात डिझेल भराल आणि जेवाल. मग लिंडिस खिंड लागेल. ९७१ मीटर उंचीवरच्या त्या खिंडीत सोनेरी गवताचे डोंगर चहूबाजूंनी दिसतात, तिथे पुन्हा उतराल. सगळं धरून वानाकाला पोहोचायला दुपारचे ३ वाजून जातात. गाडी लावून चहा होईपर्यंत ४.

म्हणजे २१० किलोमीटरमध्येच दिवस भरला. याच दिवशी क्वीन्सटाउनही गाठायचं असतं तर वानाकाचं तळं फक्त गाडीच्या काचेतून दिसलं असतं.

उजेडाचाही विचार करा. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, क्वीन्सटाउनला रात्री साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. तो उजेड बघून ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं आणि आपण चालवतच राहतो. पण शरीर सकाळी ६ पासून जागं असतं, त्याला सूर्याशी देणं-घेणं नसतं. जूनमध्ये याच्या उलट होतं. ५ च्या सुमाराला अंधारतं आणि सकाळी ८ नंतर उजाडतं. तेव्हा तर ४ ची मर्यादा काटेकोरपणे पाळायला हवी.

सुट्टी सगळ्यांचीच आहे

आपल्याकडे कौटुंबिक सहलीत गाडी चालवणारा माणूस ठरलेला असतो. बहुतेक वेळा बाबा, कधी मोठा भाऊ. त्याने दिवसभर रस्त्याकडे बघायचं आणि बाकीच्यांनी खिडकीबाहेर. घरी आल्यावर त्याला विचारा, तळं कोणत्या रंगाचं होतं? मधली पांढरी रेघ मात्र त्याच्या नक्की लक्षात असेल.

यावर उपाय सोपा आहे. गाडी घेतानाच दोन चालकांची नावं नोंदवा. आई गाडी चालवत असेल, वहिनी चालवत असेल, तर तिचंही नाव घाला. करारात नाव नसलेल्याने चालवलं आणि काही झालं तर विमा अडचणीत येऊ शकतो. दोघांनी दीड-दीड तास चालवलं तर ३ तास कोणालाच जड जात नाहीत. आणि पहिल्या दिवशी मोकळ्या पार्किंगमध्ये दोघांनीही गाडी मागे घेऊन बघा. मागे घेताना एकाने खाली उतरून बघायचंच, हा नियम शेवटपर्यंत ठेवा.

आता दुसऱ्या व्यक्तीचं बघू, जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मोटरहोममध्ये स्वयंपाकघर असतं, म्हणून रोज घरचं जेवण मिळेल असं आपण गृहीत धरतो. ४ ला पोहोचलात तर ते खरंच आनंदाचं असतं. मुलं मटार सोलतात, आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसतात, कोणीतरी पोळ्या शेकतं. पण रात्री ९ ला पोहोचलात तर दिवसभर सीटवर बसून अंग आंबलेली आई दोन शेगड्यांवर एकटीच वरण-भात करत असते आणि बाकीचे अंथरुणं शोधत असतात. दिवसाला किती चालवायचं हे ठरवताना तिलाही विचारा. घरातल्या सर्वांत दमणाऱ्या माणसाला जे अंतर झेपतं, तेच सगळ्यांचं अंतर.

आजी-आजोबांचे गुडघे फार वेळ दुमडून ठेवता येत नाहीत. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ टळून चालत नाही. एखाद्या मुलाला गाडी लागते. या गोष्टी नकाशात दिसत नाहीत, त्या तुम्हालाच मांडायच्या आहेत.

१३ दिवस आणि १००० किलोमीटर

मग प्रत्यक्षात सहल कशी आखायची? हा एक आराखडा बघा. अंतरं ढोबळ आहेत.

दिवस १ : क्राइस्टचर्चला पोहोचा आणि हॉटेलात झोपा. भारतापेक्षा तिथलं घड्याळ साडेसहा तास पुढे असतं, तिथल्या उन्हाळ्यात साडेसात. विमानातून उतरून लगेच मोटरहोम ताब्यात घेऊ नका.

दिवस २ : सकाळी गाडी घ्या, तासभर सगळं समजून घ्या, वाणसामान भरा. मग जेराल्डीन, १४० किलोमीटर.

दिवस ३ : लेक टेकापो, ९० किलोमीटर.

दिवस ४ : गाडी हलवायची नाही. तळ्याकाठी १९३५ मध्ये बांधलेलं छोटं दगडी चर्च आहे. २०१२ पासून हा सगळा परिसर आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र’ म्हणून ओळखला जातो. दुपारी झोपलात तर रात्री आकाशगंगा बघायला जागता येईल.

दिवस ५ : आओराकी माउंट कुक, १०५ किलोमीटर.

दिवस ६ : तिथेच. न्यूझीलंडचं हे सर्वोच्च शिखर ३,७२४ मीटर उंच आहे. शिखर ढगात असेल तर दुसरा दिवस हाताशी असलेला बरा. पायवाटांवर आपल्या वेगाने चाला.

दिवस ७ : वानाका, २१० किलोमीटर. स्वतः चालवायचा हा सर्वांत लांब दिवस.

दिवस ८ : वानाकातच. कपडे धुणं, पोहणं, सायकल.

दिवस ९ : क्वीन्सटाउन, क्रॉमवेलमार्गे ११५ किलोमीटर. क्राउन रेंजचा घाट जवळचा आहे, साधारण ७० किलोमीटरचा, पण तो १,०७६ मीटरपर्यंत चढतो. मोठ्या गाडीला क्रॉमवेलचा रस्ता सोपा.

दिवस १० : क्वीन्सटाउनमध्ये पायी.

दिवस ११ : ते आनाऊ, १७० किलोमीटर.

दिवस १२ : बसने मिलफर्ड साउंड. गाडी कॅम्पमध्येच.

दिवस १३ : परत क्वीन्सटाउन, १७० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिथेच परत करा. मात्र एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी देण्याची सोय आणि तिचे पैसे आधी विचारून घ्या.

बेरीज केलीत तर बरोबर १००० किलोमीटर होतात. गाडी फक्त ७ दिवस हलते आणि त्या दिवसांची सरासरी १४५ च्याही खाली राहते. यात खिशाचाही फायदा आहे. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्यांना डिझेलच्या किमतीखेरीज किलोमीटरमागे रस्ता-कर लागतो आणि भाड्याच्या मोटरहोममध्ये तो सहसा तुमच्याकडूनच घेतला जातो. म्हणजे जास्त फिरलं की जास्त पैसे, तेही दोन्हीकडून.

दिवस कमी असतील तर?

रजा सगळ्यांनाच १३ दिवसांची मिळत नाही. ८ दिवस असतील तर काय? तेव्हा रोजचं अंतर वाढवू नका, ठिकाणं कमी करा. क्राइस्टचर्चहून टेकापो आणि माउंट कुक करून वानाका-क्वीन्सटाउनला सहल संपवा, मिलफर्ड पुढच्या वेळेसाठी ठेवा. किंवा थेट क्वीन्सटाउनला विमानाने उतरा आणि फक्त दक्षिणेकडचा भाग करा. नातेवाइकांनी ‘अरे, तिकडे गेलाच नाहीत?’ असं विचारलं तर विचारू द्या.

एखाद्या दिवशी लांब जावंच लागलं तर त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी हलवू नका. दोन लांब दिवस पाठोपाठ येऊ देऊ नका. आणि मुक्कामाच्या वाटेवर आणखी एखाद्या कॅम्पचं नाव लिहून ठेवा. पाऊस लागला, मुलाला उलटी झाली, डोळे जड झाले, तर तिथेच थांबता येतं. पुढच्या कॅम्पचे भरलेले पैसे बुडतील म्हणून दमलेल्या अंगाने गाडी रेटणं हा फार महागाचा सौदा आहे.

आपल्या देशात फिरताना

मोटरहोमसाठी परदेशातच जायला हवं असं नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. २०२१ मध्ये केरळ आणि महाराष्ट्रानेही आपापली धोरणं जाहीर केली. आपल्याकडे या गाड्या बहुतेक वेळा चालकासह मिळतात. त्यामुळे ‘आपल्याला कुठे चालवायचंय’ असं वाटून अंतरं आणखी वाढवली जातात.

पण आपले रस्तेही तेवढेच वेळखाऊ आहेत. कोची ते मुन्नार हे अंतर फक्त १३० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी कारलाही ४ तास लागतात. पुढचा सगळा घाट आहे, मध्ये गावं आहेत, बाजार आहेत, पावसाळा असेल तर धुकं आहे. मोठ्या गाडीसाठी तो पूर्ण दिवस समजा. घाटात रात्री प्रवास ठेवूच नका.

आणि तुमच्या चालकाचा विचार करा. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घालून दिली होती. सुट्टीवरच्या कुटुंबाला ती सहज पाळता येते. गाडी ठरवतानाच विचारा, चालक रात्री कुठे झोपणार? त्याच्या जेवणाचं काय? तुम्ही आत पलंगावर झोपलात आणि तो पुढच्या सीटवर अवघडून रात्र काढत असेल, तर सकाळी तुमच्या मुलांना घाटातून नेणारा माणूस झोपलेलाच नसतो. त्याच्यासाठी वेगळी खोली घेतली तर ते पैसे सत्कारणी लागले असं समजा.

निघण्यापूर्वी एवढं ठरवा

० दुपारी ४ ला जिथे असाल तिथून जवळच्या मुक्कामी जायचं, हे सगळ्यांना आधीच सांगा.

० रोजच्या वेळापत्रकात आधी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा लिहा, मग ठिकाणं लिहा.

० ‘मला झोप येतेय’ असं चालकाने म्हटलं की त्याच क्षणी जागा शोधायची, चर्चा करायची नाही. हे म्हणण्याची मुभा मुलांनाही द्या. ‘बाबा जांभया देतायत’ हे त्यांनाच आधी दिसतं.

० डिझेलची टाकी अर्धी झाली की भरा. डोंगराळ भागात पुढचा पंप लांब असू शकतो.

० एका दिवसाचं पान कोरं सोडा. आवडलेल्या जागी आणखी एक रात्र राहता यावं म्हणून.

त्या कोऱ्या दिवसाचं महत्त्व तिथे गेल्यावर कळतं. तळ्याकाठी गाडी उभी आहे, कपडे दोरीवर वाळतायत, मुलं पाण्यात दगड भिरकावतायत, आणि कोणीतरी विचारतं, ‘आज कुठे जायचंय?’ तेव्हा ‘कुठेच नाही’ असं उत्तर देता यायला हवं. तेवढ्यासाठीच तर आपण घर सोबत आणलेलं असतं.